टेबलावरचें वॉटर्लू

दिवाळीची सुटी लागली आणि घरांत भाजणीचा वास दरवळूं लागला, म्हणजे आपल्या इकडे अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यांत दगड, विटा, गोणपाट आणि माती यांची जुळवाजुळव सुरू होते. दोन दिवसांत तेथें किल्ला उभा राहतो. बुरूज चढतात, पायऱ्या कोरल्या जातात, पेरलेल्या अळिवाचे कोंब उगवून डोंगर हिरवा होतो, मातीचे मावळे तटावर पहारा करूं लागतात आणि सर्वांत उंच जागीं महाराजांची मूर्ति सिंहासनावर विराजमान होते. ज्या घरांत मुलें आहेत त्या घराला हा उद्योग नवा नाहीं. आणि मुलांचें निमित्त करून स्वतःच चिखलांत हात घालणारे वडील व काका आमच्या वाचकांतही पुष्कळ असतील.

हाच नाद युरोपांत कित्येक प्रौढ गृहस्थांनीं एखाद्या शास्त्रासारखा जोपासला आहे. तेथें किल्ल्याच्या जागीं असते रणभूमि, मावळ्यांच्या जागीं असतात नेपोलियनच्या काळचे शिपाई, आणि मातीच्या जागीं प्लास्टर, बूच व लाकडाचा भुसा. अशा मांडलेल्या देखाव्याला तिकडे डायोरामा म्हणतात. या नादाची थोडी माहिती, आणि त्यापायीं आयुष्य वेंचलेल्या एका माणसाची हकीकत, आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

'डायोरामा' हा शब्द मूळचा खेळण्यांचा नव्हे. १८२२ सालीं दागेर आणि बूताँ या दोन चित्रकारांनीं पॅरिसमध्यें या नांवाचें एक प्रेक्षागृह उघडलें. प्रचंड अर्धपारदर्शक पडद्यावर चित्र रंगवून त्यावर कधीं पुढून तर कधीं मागून प्रकाश पाडावयाचा, आणि पाहतां पाहतां सकाळची संध्याकाळ करून दाखवावयाची, अशी ती करामत होती. यांपैकीं दागेर पुढें छायाचित्रणाच्या शोधामुळें जगप्रसिद्ध झाले. पडदे गेले, प्रेक्षागृह गेलें; शब्द मात्र उरला, आणि लहान आकृतींनीं मांडलेल्या देखाव्याला जाऊन चिकटला.

शिपायांचा इतिहास याहून जुना आहे. अठराव्या शतकांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथील कथलाचे कारागीर पत्त्यासारखे चपटे शिपाई ओतूं लागले. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर शिपायाच्या दोन बाजू उलट्या कोरावयाच्या, तुकडे एकमेकांवर बसवावयाचे आणि मध्यें वितळलेलें कथील ओतावयाचें. कोरणाऱ्याचा हात चांगला असेल, तर नखाएवढ्या जागेंत कोटाची गुंडी न् गुंडी उमटे. याच गांवीं हाइन्रिखसेन नांवाच्या कारागिराचा कारखाना १८३९ सालीं निघाला. त्याच्या शिपायांची सुमारें तीस मिलिमीटर उंची पुढें सर्वत्र प्रमाण मानली गेली. फ्रान्समध्यें शिसाचे भरीव व गोल शिपाई होऊं लागले. १८९३ सालीं इंग्लंडांत विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली. सांच्यांत शिसें ओतून, कडेचा पापुद्रा थिजतांच आंतलें शिसें परत बाहेर ओतून घ्यावयाचें, म्हणजे धातु कमी लागते आणि किंमत उतरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिसें विषारी म्हणून मुलांच्या हातून गेलें आणि त्याची जागा प्लास्टिकनें घेतली. राजपुत्राचें खेळणें अशा रीतीनें कारकुनाच्या मुलापर्यंत येऊन पोहोंचलें.

या खेळांत नेपोलियनचाच काळ इतका लोकप्रिय कां, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर रंगांत आहे. बंदुकीच्या दारूचा धूर इतका दाट असे कीं, आपला कोण आणि परका कोण हें दुरून ओळखण्यास भडक पोषाख उपयोगी पडत. म्हणून इंग्रज पायदळ तांबड्या कोटांत, फ्रेंच पायदळ निळ्यांत, प्रशियन गडद निळ्यांत. शिवाय प्रत्येक पलटणीची गळपट्टी व बाह्यांची टोकें निराळ्या रंगाचीं. कोणाच्या डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, तर कोणाच्या छातीवर लखलखीत पोलादी पत्रा. रंगविणाऱ्याला अशी संधि दुसऱ्या कोणत्या काळांत मिळणार? पुढें लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, लपणें हेंच शहाणपण ठरलें, आणि सैन्यें मातकट रंगाचीं झालीं.

आतां आमच्या स्वतःच्या प्रयोगाविषयीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्यास कोणी तरी प्लास्टिकच्या शिपायांची एक पेटी भेट दिली. एकास बहात्तर या प्रमाणांत घडविलेले हे शिपाई, म्हणजे प्रत्येकाची उंची जेमतेम एक इंच. पेटीवर वॉटर्लूच्या लढाईचें चित्र होतें. "काका, आपण ही सगळी लढाई मांडूं," असें त्यानें फर्माविलें, आणि आम्हीही होकार देऊन बसलों. घरांतील मंडळींनीं जुनें चार फुटी टेबल एवढ्या अटीवर दिलें कीं, रंगाचा एक थेंबही फरशीवर पडतां कामा नये. ही अट पहिल्याच दिवशीं मोडली, हें कबूल केलेलें बरें.

प्रथम गणित करावें लागलें आणि गणितानें आमची हौस जागेवर आणली. एकास बहात्तर या प्रमाणानें चार फुटी टेबलावर २८८ फूट जमीन मावते. वॉटर्लूची रणभूमि मैलांनीं मोजावयाची! तेव्हां सगळी लढाई मांडण्याचा विचार सोडून आम्हीं तिचा एक कोपरा निवडला. वेलिंग्टनच्या फळीच्या मध्यभागीं, उताराखालीं, रस्त्याला लागून 'ला हे सँत' नांवाचा एक शेतवाडा आहे. विटांच्या भिंती, कौलारू घर, गोठा, कोठार आणि मध्यें अंगण, असा त्याचा थाट. १८ जून १८१५ या दिवशीं मेजर बेअरिंग यानें सुमारें चारशे जर्मन शिपायांनिशीं तो दुपारभर लढविला. हे हॅनोव्हरकडचे लोक इंग्लंडच्या राजाच्या चाकरींत होते. सायंकाळीं त्यांच्याजवळचीं काडतुसें संपलीं. नवीं मागितलीं तीं आलीं नाहींत. आणि सहाच्या सुमारास वाडा फ्रेंचांच्या हातीं पडला. चारशेंपैकीं शेवटीं आपल्याजवळ बेचाळीसच उरले होते, असें बेअरिंगनें स्वतःच्या हकीकतींत लिहून ठेविलें आहे.

रंगकाम वाटतें तितकें कठीण नाहीं. मात्र त्याला धीर लागतो. प्लास्टिकच्या शिपायांवर सांच्याचा ओशटपणा असतो, म्हणून ते आधीं साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावे लागतात. न धुतल्यास रंग पापुद्र्यांनीं सुटतो. मग सांच्याच्या सांध्याची जी बारीक रेघ अंगावर राहते ती चाकूनें खरवडून काढावयाची. त्यानंतर काळ्या किंवा करड्या रंगाचा पातळ हात द्यावयाचा, म्हणजे पुढचा रंग धरतो. मोठे रंग आधीं, बारीक पट्टे मागाहून. चेहरा सर्वांत शेवटीं न करितां सर्वांत आधीं करावा, कारण चेहरा आला कीं शिपाई जिवंत वाटूं लागतो आणि कामाला हुरूप येतो. रंग वाळल्यावर तपकिरी रंगाचें पाणी करून तें सर्वांगावर सोडावयाचें. तें घड्यांत उतरतें आणि सांवल्या आपोआप उमटतात. शेवटीं जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगांत टेंकवून, कागदावर पुसून, उंचवट्यांवरून हलकेच फिरवावयाचा. पहिल्या शिपायास आम्हांला एक सायंकाळ लागली. पुढें एका सायंकाळीं सहा होऊं लागले.

परंतु कौशल्यापेक्षां कठीण गोष्ट आहे ती खरेपणा. पेटीवरच्या चित्रांत सर्व शिपाई जणूं नुकतेच परटाकडून आलेले! वास्तविक आदल्या रात्रीं त्या मैदानावर मुसळधार पाऊस पडला होता. शिपाई चिखलांत झोपले आणि चिखलांतून उठले. साध्या इंग्रज शिपायाचा तांबडा कोट मंजिष्ठाच्या स्वस्त रंगाचा, म्हणजे विटकरी होता. लालभडक कोट अधिकाऱ्यांचा असे. शेतांत माणसाच्या उंचीची राय उभी होती, ती पायांखालीं तुडवली गेली. हें वाचल्यावर आमच्या पुतण्यानें मोठ्या कष्टानें पांढऱ्या केलेल्या पाटलोणी गुडघ्यापर्यंत तपकिरी कराव्या लागल्या. बेअरिंगच्या शिपायांना त्यानें तांबडे कोट चढविले होते. पण ते नेमबाज पलटणीचे, त्यांचा पोषाख गडद हिरवा. तेही पुन्हां रंगवावे लागले.

सर्वांत मोठा प्रसंग कोठाराच्या दाराचा. शेताकडे उघडणारें हें मोठें दार आमच्या पुतण्यानें आगपेटीच्या काड्यांचें केलें होतें. त्याला बिजागऱ्या होत्या, आडणा होता. तें उघडे आणि मिटे. त्या दारावर त्याचे दोन रविवार गेले होते. आणि मग एका पुस्तकांत आम्हीं वाचलें कीं, लढाईच्या दिवशीं त्या कोठाराला दारच नव्हतें! आदल्या रात्रीं पावसांत कुडकुडणाऱ्या शिपायांनीं तें मोडून शेकोटींत घातलें होतें. दुसऱ्या दिवशीं त्या उघड्या तोंडाशींच घनघोर झुंज झाली आणि पडलेल्यांच्या प्रेतांचाच तेथें बांध झाला. पुढें कोठाराला आग लागली, तेव्हां मदतीस आलेल्या नासाउ येथील शिपायांच्या पाठीवरचीं स्वयंपाकाचीं भांडीं काढून घेऊन, अंगणांतल्या डबक्याचें पाणी त्यांत भरभरून ती विझविण्यांत आली. दार असतें तर कदाचित् हकीकत निराळी होती.

आम्हीं हें मुलास वाचून दाखविलें. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, दार चांगलें झालंय हो." दार चांगलें झालें होतें यांत शंकाच नव्हती. आम्हीं त्यास कांहींच सांगितलें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें स्वतःच दार उचकटलें आणि आमच्या हातीं आणून दिलें. तें आज आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे.

या दाराच्या निमित्तानेंच आम्ही विल्यम सायबोर्न या गृहस्थाच्या चरित्राकडे वळलों. हा इंग्रज सैन्यांतील एक अधिकारी, जन्म १७९७ सालचा. वॉटर्लूच्या लढाईंत तो नव्हता. लढाई संपल्यावर पॅरिसमध्यें तळ देऊन राहिलेल्या सैन्यांत तो दाखल झाला. जमिनीची मोजणी करून नकाशे काढणें आणि चढउतारांसह जमिनीची प्रतिकृति घडविणें यांत त्याचा हातखंडा होता व त्या विषयावर त्यानें ग्रंथही लिहिले होते. १८३० सालीं इंग्लंडचा सरसेनापति लॉर्ड हिल याच्या अनुमतीनें लंडनच्या लष्करी संग्रहालयासाठीं वॉटर्लूची प्रतिकृति करण्याचें काम त्याजकडे आलें. सायबोर्न थेट रणभूमीवर गेला आणि सुमारें आठ महिने तेथें राहून त्यानें ती पायांखालीं घातली. त्याचें बिऱ्हाड कोठें होतें म्हणाल, तर त्याच ला हे सँतच्या वाड्यांत!

जमीनही आतां पूर्वीची राहिली नव्हती. नेदर्लंड्सच्या राजानें आपला पुत्र जेथें जखमी झाला त्या जागेच्या स्मरणार्थ तेथें मातीचा एक प्रचंड डोंगर रचविला होता. १८२६ सालीं तो पुरा झाला. त्याची उंची सुमारें चाळीस मीटर असून माथ्यावर सिंहाचा पुतळा आहे. या डोंगरासाठीं माती काढली ती त्याच टेकाडावरून, ज्याच्या आडोशानें वेलिंग्टननें आपलें सैन्य राखलें होतें! स्मारकानें स्थळच खाऊन टाकलें. जें नाहींसें झालें होतें तें सायबोर्नला हिशोबानें परत उभें करावें लागलें.

जमिनीचें झालें, पण माणसें? कोणती पलटण कोणत्या क्षणीं कोठें उभी होती, हें सरकारी कागदांत सांपडेना. सायबोर्ननें लढाईचा एक क्षण निश्चित केला: सायंकाळीं सातचा सुमार, नेपोलियनचें खासें 'गार्ड' पायदळ अखेरचा हल्ला चढवीत आहे ती वेळ. मग त्यानें एक अपूर्व गोष्ट केली. लढाईंतून वांचलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्यानें पत्रें धाडलीं. त्या वेळीं तुमची पलटण कोठें होती? समोर शत्रु कोणत्या रचनेंत होता? तुमच्या भोंवतीं शेतांत कोणतें पीक होतें? सोबत नकाशा जोडला आहे, त्यावर खूण करून पाठवावी. लढाईला तेव्हां वीस वर्षें होत आलीं होतीं. कोणी शेती करीत होता, कोणी पेन्शन खात होता. तरी उत्तरें येत राहिलीं. त्यांची संख्या सातशेंच्या घरांत गेली. प्रत्येकास आपल्यापुढचा धूर तेवढा आठवत होता. एकाचें सांगणें दुसऱ्याशीं जुळेना. तीं सर्व जुळवीत बसणें हेंच सायबोर्नचें आयुष्य झालें.

१८३३ सालीं नव्या सरकारनें पैसा देण्याचें नाकारलें. सायबोर्ननें काम सोडलें नाहीं. पदरचे व कर्जाऊ पैसे घालून तें चालू ठेविलें. एकूण खर्च तीन हजार पौंडांच्या आसपास गेला. एका मैलास नऊ फूट या प्रमाणांत, सुमारें साडेअठरा फूट रुंद व साडेएकोणीस फूट लांब अशी ती प्रतिकृति १८३८ सालीं पुरी झाली. तिजवर सत्तर हजारांहून अधिक धातूचे शिपाई होते. या प्रमाणानें पाहिलें तर माणूस तीन मिलिमीटरच भरावयाचा. इतका लहान माणूस डोळ्यांस दिसणार कसा? म्हणून आकृति थोड्या मोठ्या आणि संख्येनें कमी ठेवल्या. प्रत्येक शिपाई एकाहून अधिक माणसांच्या वतीनें उभा राहिला. लंडनच्या पिकॅडिलींतील 'इजिप्शियन हॉल'मध्यें ती मांडण्यांत आली. एक शिलिंग देऊन सुमारें लाखभर लोकांनीं ती पाहिली. असें असूनही सायबोर्नचें देणें फिटलें नाहीं.

आतां खरी अडचण सांगावयाची. सात वाजतां त्या मैदानावर दोन सैन्यें नव्हतीं, तीन होतीं. वेलिंग्टनजवळ सुमारें ६८,००० माणसें, नेपोलियनजवळ सुमारें ७३,०००. आणि दुपारीं साडेचारपासून पूर्वेकडून ब्ल्यूखरचे प्रशियन येऊन नेपोलियनच्या उजव्या बगलेवर तुटून पडले होते. प्लान्सन्वा गांवच्या गल्ल्यांतून भयंकर हाणाहाण चालली होती. संध्याकाळपर्यंत मैदानावर पोहोंचलेल्या प्रशियनांची संख्या पन्नास हजारांच्या जवळ जाते. त्यांतले सुमारें सात हजार मेले किंवा जखमी झाले. सायबोर्ननें मिळालेल्या माहितीवरून हे प्रशियन आपल्या प्रतिकृतींत मोठ्या संख्येनें आणि पुष्कळ पुढें आलेले असे मांडले.

हें लंडनच्या वरिष्ठांस रुचलें नाहीं. वेलिंग्टनचा जुना चिटणीस लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट, ज्यानें वॉटर्लूवर आपला उजवा हात गमाविला होता, त्यानें कळविलें कीं, अशी मांडणी पाहणारा मनुष्य विजयाचें श्रेय इंग्रजांच्या शौर्यास देण्याऐवजीं प्रशियनांच्या बगलेवरील चालीस देईल. स्वतः वेलिंग्टनचा आक्षेप निराळ्या तऱ्हेचा होता: प्रतिकृतीला लढाईचा एकच क्षण दाखवितां येतो, आणि येथें तर निरनिराळ्या क्षणांची सरमिसळ झाली आहे. अखेरीस सायबोर्ननें मांडणी बदलली आणि प्रशियन शिपायांपैकीं फार मोठा भाग टेबलावरून उचलला. हें त्यानें दडपणाखालीं केलें कीं नव्या चौकशीनें त्याचें मतच फिरलें, याविषयीं इतिहासकारांत आजही वाद आहे. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. वेलिंग्टनचा आक्षेप केवळ मत्सराचा होता असेंही आम्हांस म्हणवत नाहीं, कारण तो प्रत्येक देखाव्याला लागू आहे. सातच्या ठोक्याला जो पोहोंचला तो दिसावयाचा. जो सव्वासातला पोहोंचला तो नाहीं. पण क्षण निवडणारा हात कोणाचा असतो, हें पाहिलें पाहिजे. क्षण निवडला कीं माणसेंही निवडलीं जातात.

सायबोर्ननें पुढें याहून मोठ्या प्रमाणाची एक दुसरी प्रतिकृति केली, तींत दुपारचा इंग्रज घोडदळाचा हल्ला आहे. ती आज लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयाकडे आहे. १८४४ सालीं त्यानें या मोहिमेचा इतिहास प्रसिद्ध केला. १८४९ सालीं तो वारला, तेव्हां पहिली प्रतिकृति विकलीही गेली नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर वर्गणी जमवून ती लंडनच्या लष्करी संस्थेसाठीं घेण्यांत आली, आणि आज ती चेल्सी येथील राष्ट्रीय सैन्यसंग्रहालयांत पाहावयास मिळते. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें सायबोर्ननें चेल्सींतच, शिपायांच्या मुलांसाठीं असलेल्या एका सरकारी आश्रमशाळेंत नोकरी करून काढलीं होतीं.

पण त्याची खरी कमाई टेबलावर नव्हतीच. ती टेबलाखालच्या पेटाऱ्यांत होती. अधिकाऱ्यांचीं तीं पत्रें त्यानें टाकून दिलीं नाहींत. ज्यांचें सांगणें त्यानें मानलें त्यांचीं, आणि ज्यांचें मानलें नाहीं त्यांचींही त्यानें जपून ठेविलीं. १८९१ सालीं त्याच्या मुलानें त्यांतील निवडक प्रसिद्ध केलीं. आज तो संग्रह ब्रिटिश ग्रंथालयांत आहे आणि २००४ सालीं राहिलेल्यांपैकीं पुष्कळ छापलीं गेलीं. वॉटर्लूवर लिहिणारा कोणीही असो, सायबोर्नचा पक्षपाती असो वा निंदक, त्याला त्या पत्रांकडे यावेंच लागतें. मांडणी चुकली असेल, वांकली असेल; पुरावा मात्र त्यानें वांकविला नाहीं.

हें सर्व आम्ही वाचीत असतां टेबलावरचें काम पुरें होत आलें होतें. एके दिवशीं पुतण्यानें विचारलें, "काका, प्रशियन कोठें ठेवायचे?" आम्हीं पुन्हां गणित केलें. ला हे सँतपासून प्लान्सन्वा सुमारें सव्वादोन किलोमीटर; आमच्या प्रमाणानें टेबलापासून शंभर फूट. म्हणजे टेबल दिवाणखान्यांत, आणि प्लान्सन्वा गल्लीच्या टोकाला वाण्याच्या दुकानापाशीं! आमच्या चौकटींत प्रशियन येत नव्हते. त्यांना न ठेवण्यांत लबाडी नव्हती. तरीही मनाला कांहीं तरी टोंचत राहिलें. आमचा देखावा पाहणाऱ्यास वाटणार कीं, लढाई एवढीच होती. शेवटीं मुलानेंच तोड काढली. टेबलाच्या पूर्वेकडील कडेला त्यानें एक पुठ्ठ्याची पाटी लावली आणि तिजवर सुवाच्य अक्षरांत लिहिलें: 'या बाजूला शंभर फुटांवर प्रशियन लढत आहेत.' घरीं येणारी मंडळी ती पाटी पाहून हंसतात आणि मग तिच्याविषयीं विचारतात. आमच्या मतें सबंध देखाव्यांत त्या पाटीइतकी उपयुक्त वस्तु दुसरी नाहीं.

शिसाच्या शिपायांशीं खेळण्यानें मुलांत युद्धाची हौस वाढते, असा आक्षेप घेण्यांत येतो. १९१३ सालीं एच. जी. वेल्स यांनीं अशा खेळाचे नियम सांगणारें 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक लिहिलें तें खऱ्या युद्धापेक्षां हें खोटें युद्ध किती बरें, असें सांगत; दुसऱ्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. खेळानें तें थांबलें नाहीं, हें उघड आहे. पण एक शिपाई रंगविण्यास एक सायंकाळ लागते, हें ज्यानें अनुभविलें आहे त्याला 'सात हजार पडले' हें वाक्य पूर्वीच्या सहजपणें वाचतां येत नाहीं, एवढें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों.

आणि एक आपल्या घरची गोष्ट. वॉटर्लूचा हा वेलिंग्टन आपल्या भूमीस अनोळखी नाहीं. आर्थर वेलस्ली या नांवानें तो २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबांत, आज जालना जिल्ह्यांत असलेल्या असई गांवीं शिंदे व भोसले यांच्या फौजेशीं लढला. त्या दिवशीं मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशींच उभे राहून मेले. शत्रूची फळी पुढें निघून गेल्यावर, मेल्याचें सोंग घेऊन पडलेले कांहीं जण पुन्हां उठले आणि त्यांनीं तोफा वळवून शत्रूच्या पाठीवर डागल्या. हें आपणांस कळतें तें मुख्यतः इंग्रजांच्याच लेखांतून. त्यांनीं आपल्या शत्रूला टेबलावरून उचललें नाहीं म्हणून. त्या गोलंदाजांना कोणी सायबोर्न भेटला नाहीं. त्यांना पत्रें लिहून, तुम्ही कोठें उभे होतां, असें कोणी विचारलें नाहीं. असईची प्रतिकृति करावयास आपल्याकडील एखादा तरुण पुढें आला, तर त्यास जमीन सांपडेल, नद्या सांपडतील. ज्यांच्या हातांनीं तोफा वळल्या त्यांचीं नांवें मात्र सांपडणार नाहींत.

येत्या दिवाळींत वाचकांच्या अंगणांत किल्ले उभे राहतील. त्यांजवर मावळे असतील, महाराज असतील. आमची सूचना इतकीच कीं, मुलांनीं किल्ला एखाद्या खऱ्या किल्ल्यावरून करावा. बुरूज मोजून, वाटा पाहून, शक्य तर एकदां स्वतः चढून येऊन करावा. आणि खालीं वेढा घालून बसलेले लोकही दोन चार ठेवावे. वेढा घालणारा दिसल्यावांचून तटावरच्या मावळ्याचा पहारा कशासाठीं, हें पाहणाऱ्यास कसें कळावें? आमच्या पुतण्यानें यंदा तसें करावयाचें ठरविलें आहे. दार मात्र कोणत्याही किल्ल्याला आधीं चौकशी केल्यावांचून लावणार नाहीं, असें तो म्हणतो.